टायमिंग बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकलेत का? हेड उतरवायच्या आधी काय काय तपासू?

निळी_हॅचबॅक
नमस्कार मंडळी, मदत हवीये. परवा गाडी चालवत होते, वेग साठच्या आसपास, आणि मध्येच गाडी गप्प झाली. मोठा आवाज वगैरे काही नाही, पुढून एकदा टक् झाल्यासारखं वाटलं आणि डॅशबोर्डवर सगळे लाल दिवे लागले. कडेला घेतली, दोनदा सेल्फ मारला. एरवी इंजिन दम घेत घेत फिरतं ना, तसं न फिरता एकसारखं भिर्रर्र फिरलं, जणू आत काही अडवणारं उरलेलंच नाही. घरी ओढून आणली आणि वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर टायमिंग बेल्ट जागेवर होता पण सैल लोंबत होता, आणि खाली क्रँकच्या (पिस्टन जोडलेल्या मुख्य दांड्याच्या) पुलीपाशी वीतभर लांबीचे दाते साफ गेलेले.

पेट्रोल, ४ सिलिंडर, ८ व्हॉल्व्ह, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टॅपेट (व्हॉल्व्हवरचं अंतर बसवायची सोय) स्क्रू-नटवाले. एक मेकॅनिक म्हणतो नवीन बेल्ट टाकू, चालू झाली तर ठीक नाहीतर मग बघू. दुसरा म्हणतो लगेच हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवा. माझा मोठा भाऊ हाताने काम करणारा आहे, पाने आणि फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) आहेत घरी. हेड न उतरवता आधी काही कळू शकतं का?

पाना_बारा_तेरा
ताई, पहिली गोष्ट, आता सेल्फ अजिबात मारू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा म्हणजे कुणी चुकूनही मारणार नाही.

कारण सांगतो. बेल्ट गेल्यावर कॅम जवळजवळ तिथेच थांबतो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला धरून ठेवतात. क्रँक मात्र थांबत नाही, गाडी गिअरमध्ये असते, चाकंच इंजिन फिरवत राहतात. म्हणजे त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे होते ते खाली लोंबत राहिले आणि पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळले. ८ व्हॉल्व्हच्या इंजिनात कुठल्याही क्षणी साधारण दोन ते तीन व्हॉल्व्ह उघडे असतात, त्यामुळे पहिल्या तडाख्यात सहसा तेवढेच जातात. पण पिस्टनच्या धक्क्याने कॅम थोडा सरकतो आणि दुसराच एखादा व्हॉल्व्ह उघडतो, मग पुढच्या फेरीत तोही मार खातो. सेल्फ मारला की हाच खेळ परत सुरू. दोनाचे चार व्हॉल्व्ह असेच होतात.

तो भिर्रर्र आवाज म्हणजे कॉम्प्रेशन नसल्याची खूण आहे, पण त्यावरून व्हॉल्व्ह वाकले असं ठरवू नका हं. बेल्ट तुटल्यावर कॅम फिरतच नाही, उघडे व्हॉल्व्ह उघडेच राहतात, मग ते सरळ असोत की वाकडे, आवाज तसाच येणार.

प्रश्नचिन्ह
माझ्या जुन्या गाडीचा बेल्ट दोनदा तुटला होता, दोन्ही वेळा नवीन टाकला आणि चालू झाली, काहीही झालं नाही. मग बेल्ट टाकून बघायला काय हरकत आहे? उगाच हेड कशाला उघडायचं?

पाना_बारा_तेरा
तुमचं इंजिन नॉन-इंटरफिअरन्स असणार भाऊ. त्यात पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात जागा शिल्लक राहते, दोघांची गाठ पडतच नाही. इंटरफिअरन्स इंजिनात दोघं एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी, आणि ती वेळ सांभाळायचं काम एकट्या बेल्टचं. हल्लीची बहुतेक इंजिनं अशीच असतात, कॉम्प्रेशन जास्त आणि व्हॉल्व्हची उचल जास्त हवी असेल तर जागा उरत नाही. ८ व्हॉल्व्ह म्हणजे सुरक्षित, १६ म्हणजे धोका असं काहीजण सांगतात, ते खरं नाही, दोन्हीकडे दोन्ही प्रकार सापडतात. ताईंच्या इंजिनाचा कोड बघून सर्व्हिस मॅन्युअलमधून हे आधी नक्की करावं.

निळी_हॅचबॅक
बघितलं, इंटरफिअरन्सच आहे. पोटात गोळा आला वाचून.

लेथवाला
घाबरू नका ताई, मी हेडचीच कामं करतो, अशी हेडं नेहमी येतात आणि बहुतेक परत गाडीवर चढतात. हेड न उतरवता बरंच कळतं, फक्त क्रम चुकवू नका.

आधी सगळे प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये. चार सारख्या लांबीच्या बारीक लाकडी काड्या घ्या, धातूचं काही नको, आणि चारही प्लगच्या भोकांतून अलगद पिस्टनवर टेकवा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने हळू फिरवा आणि चारही काड्या एका उंचीवर आल्या की थांबा. ४ सिलिंडरच्या सरळ इंजिनात १ आणि ४ एकत्र वर जातात, २ आणि ३ एकत्र खाली, त्यामुळे मध्यावर चौघं एका रेषेत येतात. आता कॅम कसाही फिरवला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत. क्रँक फिरवताना काही टणकपणे अडलं तर जोर लावायचा नाही, उलट दिशेने जाऊन बघा. काड्या मात्र फिरवताना हातात धरूनच ठेवा, तिरक्या झाल्या तर मोडून आत पडतील.

मग व्हॉल्व्ह कव्हर काढून कॅम हाताने फिरवत एकेका व्हॉल्व्हचं टॅपेट अंतर मोजा, कॅमचा फुगवटा विरुद्ध बाजूला असताना. व्हॉल्व्ह वाकला असेल तर तो सीटवर (हेडमधल्या बसायच्या कड्यावर) पूर्ण बसत नाही, थोडा खालीच राहतो, म्हणजे त्याचं वरचं टोक रॉकरपासून (कॅमची हालचाल व्हॉल्व्हवर पोचवणाऱ्या हातापासून) लांब जातं आणि अंतर वाढलेलं दिसतं. तुमचं टॅपेट स्क्रूवालं आहे म्हणून हे जमतंय. हायड्रॉलिक टॅपेट असतं तर त्याने स्वतःच ते अंतर भरून काढलं असतं आणि काहीच कळलं नसतं.

आठही आकडे लिहून ठेवा. एखाद्याचं अंतर बाकीच्यांच्या तीनचार पट आलं तर तो वाकलेला समजा. सगळे आकडे सारखे आले तरी सुटलो म्हणू नका, थोडासा वाकलेला व्हॉल्व्ह या तपासणीत लपतो.

डिझेलदादा
यात भर घालतो. ज्यांची गाडी डिझेल आहे त्यांनी रॉकर आधी बघावेत. डिझेलमध्ये व्हॉल्व्ह बहुतेक सरळ उभे असतात आणि ज्वलनाची जागा पिस्टनच्या डोक्यात कोरलेली असते, त्यामुळे पिस्टन खालून थेट ठोकतो. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी रॉकर किंवा फॉलोअर आधी मोडतो आणि मार तिथेच थांबतो, माझ्या गाडीत चार रॉकर मोडले होते आणि व्हॉल्व्ह एकही वाकला नव्हता, पण हे हेड उतरवून मोजल्यावरच कळलं. कॅमलाही केसासारखी चीर जाऊ शकते, तीही बघून घ्यावी.

निळी_हॅचबॅक
मोजलं! माझ्या दादाने काड्या धरल्या आणि मी पाना फिरवला. मॅन्युअलप्रमाणे इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी हवं. सहा व्हॉल्व्ह त्याच्या आगेमागेच आले. पण १ नंबरचा इनटेक ०.७० आणि ३ नंबरचा एक्झॉस्ट तर ०.९५, फिलर गेजची पाती एकावर एक लावून मोजावं लागलं. ३ नंबरच्या रॉकरला बोटाने हलवलं तर टकटक वाजतो.

पाना_बारा_तेरा
ताई, तुमच्या आकड्यांतून कॅम नेमका कुठे थांबला होता तेही दिसतंय. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ धरा. ३ नंबर एक्झॉस्टच्या स्ट्रोकमध्ये असतो तेव्हा १ नंबर त्याच्या एक पाऊल पुढे, म्हणजे इनटेकमध्ये असतो. ४ नंबर पॉवरमध्ये, २ नंबर कॉम्प्रेशनमध्ये, त्यांचे व्हॉल्व्ह बंद. म्हणजे त्या क्षणी नेमके १ चा इनटेक आणि ३ चा एक्झॉस्ट उघडे होते आणि तेच दोन तुमच्या यादीत आलेत. हिशोब जुळतोय, मोजमाप बरोबर आहे.

पण एक बघा. ३ चा एक्झॉस्ट बंद होण्याच्या बाजूला असताना पिस्टनने वर ढकलला तर कॅम पुढे सरकतो. पुढे सरकला की पाठोपाठ उघडायला लागणारा म्हणजे ४ चा एक्झॉस्ट. त्याच्यावर माझा संशय आहे, अंतर बरोबर आलं असलं तरी.

लीकडाउन टेस्ट करता आली तर करा. ज्या सिलिंडरची करायची त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील असा कॅम फिरवायचा आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची. गाडी वरच्या गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, नाहीतर हवाच पिस्टनला खाली ढकलेल आणि क्रँक फिरेल, पाना बोल्टवर अजिबात ठेवू नका. मग कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची चीर.

निळी_हॅचबॅक
केली. ३ नंबरला हवा सोडली की सायलेन्सरच्या तोंडाशी हाताला वारा लागतो एवढी जाते. १ नंबरला थ्रॉटलमधून. २ नंबर चांगला आहे. आणि काका, ४ नंबरला सायलेन्सरमधून अगदी हलका सूऽऽ आवाज आहे, दादा म्हणाला भास आहे पण मला तिन्ही वेळा आला. तेलाच्या झाकणातून कुठल्याच सिलिंडरला विशेष काही नाही. म्हणजे हेड उतरवायचंच ना आता?

लेथवाला
उतरवायचंच. आणि आता नवीन बेल्ट टाकून बघायचा विचार कायमचा सोडा. वाकलेला व्हॉल्व्ह गाईडमध्ये (त्याचा दांडा सरकायच्या नळीत) अडकून उघडा राहिला तर पिस्टन त्याला परत परत ठोकतो, एखाद्याचं मुंडकं तुटून आत पडलं तर पिस्टन, हेड, बोअर सगळंच जातं.

इंजिन पूर्ण गार असताना खोला. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत, दोनतीन फेऱ्यांत सैल करा, एकदम एका बाजूने सोडले तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. हेड खाली सपाट टेकवून ठेवू नका, लाकडाच्या दोन पट्ट्यांवर ठेवा, उघडे व्हॉल्व्ह खाली आलेले असतील तर तेच टेकतील. शक्य असेल तर व्हॉल्व्ह काढायच्या आधी हेड उलटं ठेवून, प्लग घट्ट लावून, चारही चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि पोर्टमधून बघा. चांगला व्हॉल्व्ह काही मिनिटं थेंब सोडत नाही, वाकलेल्याचं चेंबर बघता बघता रिकामं होतं.

गुळगुळीत_रस्ता
आमच्याकडे एकाने वाकलेले व्हॉल्व्ह लेथवर धरून सरळ करून दिले होते, गाडी सहा महिने चालली. नवीन व्हॉल्व्ह लगेच मिळत नसतील तर हा पर्याय आहे का?

लेथवाला
नाही. हे मी कळकळीने सांगतोय, कुणीही करू नका आणि करून देणाऱ्याकडून घेऊ नका. इंजिन ३००० आरपीएमला असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा सीटवर आपटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर काम करताना लालबुंद होण्याइतका तापतो. एकदा वाकलेल्या आणि परत सरळ केलेल्या दांड्यात बारीक चिरा धरलेल्या असतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत. बरेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर दोन वेगळ्या पोलादांचे, डोकं एकाचं आणि दांडा दुसऱ्याचा असे घर्षणाने जोडलेले असतात. सहा महिने चालली आणि सातव्या महिन्यात मुंडकं तुटलं तर पूर्ण इंजिन बदलावं लागेल. थांबा, पण नवीनच टाका.

आणखी एक, काही इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा पोकळ असतो आणि आत सोडियम भरलेलं असतं. तसले जुने व्हॉल्व्ह कापू नका, ठोकून दुसरं काही बनवू नका, सोडियमला पाणी लागलं की भडकतं.

निळी_हॅचबॅक
हेड खाली आलं. पिस्टन १ वर आणि ३ वर चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण आहे, आजूबाजूला काळं कार्बन आणि मध्ये तेवढाच भाग चांदीसारखा. ३ ची खूण नखाला लागते. ४ वर फक्त कार्बन पुसल्यासारखी पुसट रेघ. रॉकेल भरलं तर ३ चं चेंबर अर्ध्या मिनिटात रिकामं, १ चं थोडं हळू, आणि ४ च्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये पाच मिनिटांनी ओल दिसली. २ कोरडा. पाना काका, तुमचा संशय खरा ठरला.

लेथवाला
आता व्हॉल्व्ह काढताना घाई नको. स्प्रिंग दाबून लॉक काढल्यावर दांड्याच्या टोकाला बोट फिरवा, धार आली असेल तर ती बारीक कानसने घालवा आणि मगच व्हॉल्व्ह गाईडमधून बाहेर ओढा, नाहीतर गाईडला आतून ओरखडे पडतील. अडकला तर हातोडी मारू नका. प्रत्येक व्हॉल्व्ह कुठला ते पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवारीने लावा.

मग व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने फिरवून बघा. डायल नसेल तर निदान चांगल्या गाईडमध्ये घालून बोटांनी फिरवा आणि डोक्याची कड सीटपासून एकसारख्या अंतरावर फिरते का बघा, पण ०.०५ मिमीचा वाक डोळ्याला कळत नाही आणि व्हॉल्व्ह गळायला तेवढा पुरतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०३ ते ०.०५ च्या आसपास असते, तुमच्या इंजिनाची तुमच्या मॅन्युअलमधली धरा.

गाईडकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. व्हॉल्व्ह वाकतो तो बहुतेक डोक्याजवळ, गाईडच्या खालच्या तोंडापाशी, त्यामुळे गाईडचं ते टोक चिरतं किंवा लंबगोल होतं. नवीन व्हॉल्व्ह घालून तो थोडा खाली सोडा आणि डोकं चारही दिशांना हलवा. एकाच दिशेला जास्त हलत असेल तर गाईड गेलं. गाईड न बदलता नुसता नवीन व्हॉल्व्ह टाकला तर तो सीटवर दर वेळी वेगळ्या जागी बसेल आणि तेल खाईल ते वेगळंच.

निळी_हॅचबॅक
डायल गेजवर १ इनटेक ०.४० च्या वर, ३ एक्झॉस्टची सुई तर पूर्ण फेरा मारते, ४ एक्झॉस्ट ०.०७. बाकीचे पाच ०.०२ च्या आत. ३ च्या गाईडला खाली चीर आहे, टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसली. तीन व्हॉल्व्ह बदलू की आठही?

पाना_बारा_तेरा
मी तीन बदलेन. जे मोजून सरळ निघालेत आणि ज्यांचे दांडे झिजलेले नाहीत त्यांना काढून टाकण्यात अर्थ नाही.

लेथवाला
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. ज्याच्या डोक्यावर मार बसल्याची खूण दिसते तो सरळ निघाला तरी मी बदलतो. तुमच्यात तसे तेच तीन आहेत, त्यामुळे तिघांवर एकमत. व्हॉल्व्ह सील मात्र आठही नवीन. ३ चं गाईड नवीन बसवून रीम करून (आतून मापात कापून) घ्या आणि गाईड बदललं की त्याची सीट परत कापावीच लागते, मध्य हलतो.

बाकीच्यांना लॅपिंग पेस्टने हलकं घासा, निळी शाई लावून सीटवर अखंड पट्टी उमटते का बघा, कुठे तुटलेली नको. पेस्टचा कणही राहता कामा नये, राहिला तर तो तेलातून बेअरिंगपर्यंत जातो. हेडचा तळ सरळपट्टी आणि फिलर गेजने आडवा, उभा आणि तिरका तपासून घ्या.

डिझेलदादा
पिस्टनचं विसरू नका. ३ ची खूण नखाला लागते म्हणताय तर तिची टोकदार कड बारीक पॉलिश पेपरने मोडा, टोकदार राहिली तर तापून लाल होते. धूळ आत जाऊ नये म्हणून कडेला ग्रीस लावा आणि नंतर पुसून घ्या. आणि चारही पिस्टन एकेक करून अगदी वर आणा आणि ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापासून उंची डायलने मोजा. एखादा खाली राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकलाय. पेट्रोलमध्ये क्वचित होतं पण हेड उघडं आहे तोवर दोन मिनिटांचं काम आहे.

निळी_हॅचबॅक
चारही पिस्टन ०.०२ च्या आत सारखे, रॉड ठीक आहेत. हेड तयार होऊन आलं. आता बसवताना?

पाना_बारा_तेरा
त्याआधी एक प्रश्न, बेल्ट का गेला ते सापडलं का? बेल्ट शेवटचा कधी बदलला होता? जे कारण होतं ते तसंच ठेवून नवीन बेल्ट टाकला तर हेच हेड परत उतरवावं लागेल.

निळी_हॅचबॅक
बेल्ट बदलायची वेळ आली नव्हती, किलोमीटर निम्मेसुद्धा झाले नव्हते, म्हणून तर मी निर्धास्त होते. तुम्ही विचारल्यावर वॉटर पंप हाताने फिरवला, अडकत अडकत फिरतो आणि चाक वरखाली डुलतं. खालच्या बाजूला वाळलेल्या कूलंटचा पांढरट थर आहे. मागच्या वेळी फक्त बेल्ट बदलला होता, पंप जुनाच ठेवला होता.

पाना_बारा_तेरा
सापडलं. पंपाचं बेअरिंग जाम व्हायला लागलं, क्रँक बेल्टला ओढत राहिला, आणि सगळा ताण क्रँकच्या छोट्या चाकावरच्या मोजक्या दात्यांवर आला. बेल्ट बऱ्याचदा तुटत नाही, असे दातेच सोलले जातात. म्हणून बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, आणि कॅम व क्रँकचे ऑइल सील, हे सगळं एकत्र बदला. आणि किलोमीटरइतकीच वर्षांची अटही पाळायची असते, गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतं. जुन्या निओप्रीनच्या बेल्टला पाठीवर चिरा दिसायच्या, हल्लीचे एचएनबीआर नावाच्या रबराचे बेल्ट शेवटपर्यंत वरून चांगले दिसू शकतात, त्यामुळे बघून ठीक वाटला याला अर्थ नाही.

बसवताना ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवेने पूर्ण काढा, राहिलं तर बोल्ट आवळताना आतलं तेल दाबलं जाऊन ब्लॉक चिरतो. हेडचे बोल्ट अंशात आवळायचे असतील तर नवीनच घ्या, ते ताणले जाणारे असतात. आवळायचे मधून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमाने. खुणा जुळवून बेल्ट चढवा, टेन्शनर लावा, मग प्लग न लावता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकचे दोन म्हणजे कॅमचा एक, तेव्हाच सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्ये कुठे टणक अडलं तर तिथेच थांबा, एक दातासुद्धा चुकलेला असू शकतो.

निळी_हॅचबॅक
पहिल्या वेळी एक दाता चुकलाच होता! दोन फेऱ्यांनंतर कॅमची खूण किंचित मागे दिसली. परत काढून जुळवलं, पुन्हा दोन फेरे, मग बरोबर. टॅपेट सेट केले, तेल आणि फिल्टर नवीन, कूलंट भरून हवा काढली. आज संध्याकाळी बॅटरीची वायर परत लावली. सेल्फ मारला तेव्हा तो जुना दम घेणारा आवाज आला आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन चालू. गरम करून कॉम्प्रेशन घेतलं: १२.४, १२.६, १२.१, १२.५ बार. १२.१ वाला ३ नंबर आहे, नवीन गाईडवाला. चिंता करू का?

लेथवाला
नको. चौघांत अर्ध्या बारचाच फरक आहे, नवीन सीट बसायला थोडा वेळ घेते. हजारेक किलोमीटर झाल्यावर इंजिन गार असताना त्या तीन व्हॉल्व्हचं टॅपेट परत मोजा, नवीन व्हॉल्व्ह सीटवर बसत जातो तसं अंतर कमी होतं, आणि अंतर संपलं तर तो उघडा राहून जळतो. तो आकडा इथे टाका, बघू.